यादीत एक नाव वाढवताना

इतिहासाच्या शिक्षकाने संगणकावर लेख का लिहावा, असा प्रश्न वाचकांना पडेल, म्हणून खुलासा आधी करतो. २००१ साली महाराष्ट्रात एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम सुरू झाला आणि पुढे नोकरीची अट म्हणून तो पूर्ण करणाऱ्या असंख्य शिक्षकांत मीही होतो. कालांतराने शाळेला संगणक मिळाले, पण ते शिकवणारा शिक्षक मिळाला नाही. ज्याला यंत्र चालू-बंद करता येते त्याने तास घ्यावा, या न्यायाने तो तास माझ्याकडे आला आणि अद्याप माझ्याकडेच आहे. सनावळ्या शिकवता शिकवता मी मुलांबरोबर प्रोग्रामिंग शिकलो. काही गोष्टी मुलांनीच मला शिकवल्या, हेही प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे.

पालकसभेत दरवर्षी एक प्रश्न येतो: "सर, मुले त्या खोलीत तासभर करतात तरी काय?" त्याचे उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही. म्हणून या लेखात अगदी सुरुवातीचा एकच धडा घेतो आणि तो सविस्तर सांगतो. धडा आहे यादीत नाव वाढवण्याचा. वरवर पाहता यात शिकण्यासारखे काय आहे? वहीच्या शेवटी एक ओळ लिहायची, एवढेच. परंतु कोणते नाव, कोठे आणि केव्हा वाढवले, यावर किती गोष्टी अवलंबून असतात, हे आमच्या मुलांना या धड्यात समजते. मला ते पन्नाशीत समजले.

आम्ही जी भाषा वापरतो तिचे नाव पायथॉन. नेदरलँड्सचे गिदो व्हान रॉसम यांनी ती तयार केली आणि १९९१ साली प्रथम प्रसृत केली. नावाचा अजगराशी संबंध नाही, एका इंग्रजी विनोदी कार्यक्रमावरून ते घेतले आहे. या भाषेत यादी करायची असेल तर चौकोनी कंसात नावे लिहायची, दोन नावांमध्ये स्वल्पविराम द्यायचा आणि संपूर्ण यादीला एक नाव द्यायचे. पायथॉनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून, म्हणजे २००८ पासून, हे नाव देवनागरीत दिले तरी चालते. मराठी माध्यमातील आमच्या मुलांना याचा फार आनंद होतो. आज्ञा मात्र रोमी लिपीतच टंकाव्या लागतात. या लेखात छपाईच्या सोयीसाठी आज्ञा आणि अंक मी देवनागरीत लिहिले आहेत.

उदाहरणासाठी मी कोल्हापूरचीच यादी घेतो. आपल्या नगरीला विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणतात. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने आणि मदतीने १९०१ पासून येथे एकामागून एक वसतिगृहे उभी राहिली. स्वतः निवासी शाळेत राहणाऱ्या मुलांना ही यादी परकी वाटत नाही. दसरा चौकातून जाताना त्यांतील काही इमारती त्यांनी पाहिलेल्या असतात. फळ्यावर मी लिहितो:

वसतिगृहे = ["मराठा", "जैन", "लिंगायत"]

व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि जैन बोर्डिंग १९०१ चे, लिंगायत समाजाचे वसतिगृह १९०७ चे. आता मुलांना विचारतो, यादीतले पहिले नाव कितव्या क्रमांकावर आहे? सगळे एका सुरात "एक" म्हणतात आणि सगळे चुकतात. पायथॉनमध्ये पहिल्या नावाचा क्रमांक शून्य असतो. मराठा शून्यावर, जैन एकवर, लिंगायत दोनवर. हे ऐकून मुले हसतात. मीही प्रथम वैतागलो होतो. त्याचे कारण मला नागपूरला उमगले. दीक्षाभूमीला जाणाऱ्या आपल्या मंडळींनी तेथील शून्य मैलाचा दगड पाहिला असेल. अंतर जेथून मोजायचे त्या ठिकाणाचे स्वतःचे अंतर शून्यच असते. संगणक यादीतील नावाला हुद्दा देत नाही, तो आरंभापासूनचे अंतर मोजतो. पहिले नाव आरंभापासून शून्य घरे दूर आहे. हे एकदा पटले की पुढे गोंधळ होत नाही. मात्र लहान मुले ज्यावर शिकतात त्या स्क्रॅचमध्ये मोजणी एकपासूनच होते, त्यामुळे सहावीतून आठवीत आलेली मुले पहिले आठ दिवस हमखास चुकतात.

आता नाव वाढवू. १९०८ साली अस्पृश्य मानल्या गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या कन्येचे नाव त्याला दिले होते. यादीत ते घालायचे असेल तर आज्ञा अशी:

वसतिगृहे.ॲपेंड("मिस क्लार्क")

ॲपेंड म्हणजे शेवटी जोडणे. यादीचे नाव, त्यापुढे एक टिंब, मग आज्ञा आणि कंसात जोडायचे नाव. यादीत आता चार नावे झाली आणि नवे नाव क्रमांक तीनवर बसले. अवतरण चिन्हे विसरली तर संगणक तक्रार करतो. अवतरणातला मजकूर तो तसाच्या तसा ठेवतो, अवतरणाबाहेरचा शब्द मात्र त्याला कळावा लागतो. आमच्या एका विद्यार्थ्याने सन म्हणून १९०८ हा आकडा मोठ्या हौसेने देवनागरी कळफलकावर टंकला आणि संगणकाने तो नाकारला. तोच आकडा अवतरणात टाकला तर मजकूर म्हणून चालतो. गंमत अशी की, अवतरणातील त्या देवनागरी मजकुराचा पूर्णांक करून दे, असे सांगितले तर संगणक मुकाट्याने तो करून देतो. म्हणजे आपले अंक त्याला वाचता येतात. आज्ञेत लिहिलेले तेवढे चालत नाहीत. मुलाने यावर "असं का?" असे विचारले. त्याचे समाधान करणारे उत्तर माझ्याकडे नव्हते.

यादी वाचून दाखवताना कोणीतरी म्हणाले, "सर, मुस्लिम बोर्डिंग राहिलंच की!" खरेच राहिले होते. ते १९०६ चे. एका मुलाने लगेच ॲपेंड केले आणि नाव मिस क्लार्कच्या मागे जाऊन बसले. संगणकाने तक्रार केली नाही, करण्याचे कारणही नव्हते. पण ही यादी कालक्रमाने लावली आहे असे समजून कोणी वाचली, तर मुस्लिम बोर्डिंग १९०८ नंतरचे ठरेल. इतिहासाच्या माणसाच्या दृष्टीने ही लहान चूक नव्हे. पहिले वसतिगृह निघाल्यापासून अस्पृश्यांसाठीचे निघेपर्यंत सात वर्षे गेली आणि त्या सात वर्षांत मध्ये कोण कोण आले, हे क्रमावरूनच कळते. नाव यादीत आहे पण जागा चुकली आहे, अशा याद्यांनी इतिहासाचे बरेच नुकसान केले आहे.

मध्ये नाव घालण्यासाठी वेगळी आज्ञा आहे. चुकीच्या जागी गेलेले नाव आम्ही काढून टाकले आणि लिहिले:

वसतिगृहे.इन्सर्ट(२, "मुस्लिम")

याचा अर्थ, क्रमांक दोनच्या जागी हे नाव बसव आणि तेथून पुढची सगळी नावे एकेक घर पुढे सरकव. लिंगायत दोनवरून तीनवर गेले, मिस क्लार्क तीनवरून चारवर. येथे मी मुलांना हजेरीपट दाखवतो. जूनमध्ये मुलांची नावे क्रमाने लिहून झाली की हजेरी क्रमांक पडतात. ऑगस्टमध्ये नवा मुलगा दाखल झाला तर त्याचे नाव आडनावाच्या क्रमाने कोठेही बसत असो, ते पानाच्या तळाशीच लिहिले जाते. कारण शाईने लिहिलेल्या दोन ओळींमध्ये तिसरी ओळ घुसवता येत नाही, आणि घुसवली तर पुढील प्रत्येक मुलाचा क्रमांक बदलेल. चाचणीच्या गुणपत्रकापासून वसतिगृहातल्या पेटीवरच्या क्रमांकापर्यंत सगळे बदलावे लागेल. मीही लहानपणी वडिलांच्या बदलीमुळे अर्ध्या वर्षातच एका शाळेत गेलो होतो. वर्षभर हजेरीत शेवटचा होतो. माझा क्रमांक येईपर्यंत गुरुजींचा आवाज खाली गेलेला असे.

संगणकाला हे सरकवणे क्षणात जमते, पण फुकट जमत नाही. यादीत काही लाख नावे असतील आणि प्रत्येक नवे नाव अगदी वरच्या जागी घालायचे असेल, तर प्रत्येक वेळी लाखो नावे एकेक घर सरकवावी लागतात आणि यंत्र रेंगाळते. शेवटी जोडणे स्वस्त पडते. का स्वस्त पडते, याचे उत्तर मला स्वतःला फार आवडले. यादी ठेवण्यासाठी पायथॉन स्मृतीमध्ये जागा घेतो तेव्हा नेमकी लागेल तेवढीच घेत नाही, भरती होणार हे गृहीत धरून थोडी जास्त घेऊन ठेवतो. मोठ्या यादीसाठी ही शिल्लक साधारण एक अष्टमांश असते. पुढची काही नावे त्या रिकाम्या घरांत थेट बसतात. घरे संपली की संपूर्ण बिऱ्हाड नव्या, मोठ्या जागेत हलवले जाते आणि तेथे पुन्हा थोडी शिल्लक राखली जाते. वसतिगृह चालवणाऱ्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. जूनमध्ये चार खाटा जास्त ठेवल्या नाहीत, तर जुलैत येणाऱ्या मुलाला कोठे झोपवायचे, हा प्रश्न आपल्या प्रत्येक अधीक्षकाने सोसला आहे.

इन्सर्टच्या दोन खोड्या सांगण्यासारख्या आहेत. पाच नावांच्या यादीत कोणी शंभराव्या जागी नाव घाल म्हणून सांगितले, तर संगणक रागावत नाही, गुपचूप ते शेवटी ठेवतो. दुसरी खोडी अधिक फसवी आहे. पायथॉनमध्ये उणे एक हा शेवटच्या घराचा क्रमांक मानतात. म्हणून उणे एकवर इन्सर्ट केले की नाव शेवटी जाईल, असे वाटते. प्रत्यक्षात ते शेवटून दुसरे होते. कारण इन्सर्ट सांगितलेल्या घराच्या आधी नाव घालतो. शेवटी जोडायचे तर ॲपेंडच वापरावे.

आता ज्या चुकीने वर्गात खरोखर रडारड झाली ती सांगतो. आठवीतील एक मुलगी मन लावून काम करणारी. तिने आपल्या गावातील बचत गटाच्या बायकांची यादी केली होती, चाळीसच्या वर नावे. शेवटी एक नाव राहिले म्हणून तिने लिहिले:

नावे = नावे.ॲपेंड("मावशी")

मग यादी दाखव म्हटल्यावर पडद्यावर एकच शब्द आला: नन. "सर, यादीच गेली की हो सगळी!" पायथॉनमध्ये "काहीच नाही" याला नन असा शब्द आहे. झाले असे की, ॲपेंड ही आज्ञा आहे त्याच यादीत भर घालते आणि हातात काहीही परत देत नाही. मुलीने डाव्या बाजूला "नावे =" असे लिहिल्याने त्या "काहीच नाही"लाच नावे हे नाव मिळाले आणि खऱ्या यादीकडे जाण्याची वाट पुसली गेली. यादीत भर पडली होती, पण तिला हाक मारायला नाव उरले नव्हते. बेरीज करताना आपण "एकूण = एकूण + १" असे लिहितो, त्याच सवयीने ही चूक होते. मोठमोठ्या महाविद्यालयांतील मुलेही ती करतात, असे मी तिला सांगितले. त्याने तिचे समाधान झाले नाही. तिने चाळीस नावे पुन्हा टंकली आणि या वेळी फक्त "नावे.ॲपेंड" लिहिले.

ॲपेंड एका वेळी एकच गोष्ट जोडतो, हेही ध्यानात ठेवावे लागते. त्याच सुमारास दैवज्ञ आणि नामदेव शिंपी समाजांचीही वसतिगृहे निघाली. ती दोन नावे चौकोनी कंसात घालून एकदम ॲपेंड केली तर पाच नावांच्या यादीत सहावी गोष्ट येते, आणि ती सहावी गोष्ट म्हणजे दोन नावांची एक स्वतंत्र यादी! यादीच्या पोटात यादी. सरकारी कामकाजात जिला पुरवणी यादी म्हणतात, तिच्यासारखे हे आहे. मूळ कागदाला टाचलेला दुसरा कागद, त्यावर नाव असलेल्याने मूळ कागदावर आपले नाव शोधले तर सापडत नाही. ही दोन नावे सुटी करून मूळ यादीत ओळीने बसवायची असतील तर एक्स्टेंड ही आज्ञा वापरायची. मग यादी सात नावांची होते.

एक्स्टेंड आवडला म्हणून एका मुलाने नवी यादी करताना एकच नाव त्याने जोडले:

यादी.एक्स्टेंड("जैन")

आणि यादीत तीन घरे तयार झाली. एकात ज, दुसऱ्यात नुसती मात्रा आणि तिसऱ्यात न. एक्स्टेंड कंसातील वस्तू फोडून तिचे घटक ओळीने जोडतो आणि मजकुराचे घटक म्हणजे अक्षरचिन्हे. आपण "जै" हे एक अक्षर मानतो, संगणक ज आणि मात्रा वेगळ्या धरतो. एका घरात निराधार लोंबकळणारी ती मात्रा पाहून सारा वर्ग हसला. त्या दिवशी मुलांना एक्स्टेंड तर समजलाच, शिवाय मराठी अक्षर संगणकात कसे साठवले जाते हेही कळले. इंग्रजी उदाहरणांनी शिकवले असते तर हे दिसलेच नसते.

एक चूक मात्र अशी आहे की, ती केल्याखेरीज कोणी पुढे जात नाही. नावे एकेक विचारून यादीत घालायची असतील तर फेरा लावतात. रिकामी यादी आधी करायची आणि मग फेऱ्यात नाव विचारून ॲपेंड करायचे:

नावे = []
फॉर क्र इन रेंज(५):
    नाव = इनपुट("नाव सांगा: ")
    नावे.ॲपेंड(नाव)

नवखी मुले पहिली ओळ फेऱ्याच्या आत लिहितात. मग प्रत्येक फेरीत नवी कोरी यादी तयार होते, तिच्यात एक नाव जाते, पुढच्या फेरीत पुन्हा कोरी यादी. पाच नावे विचारली जातात आणि शेवटी एकच उरते, शेवटचे. प्रत्येक पिढीने नव्याने सुरुवात केली की काय उरते, ते या चार ओळींत दिसते, असे म्हणण्याचा मोह इतिहासाच्या शिक्षकाला होतो. मुलांना मी एवढेच सांगतो की, पहिली ओळ फेऱ्याच्या वर घ्या.

येथवर नाव काय आणि कोठे, याचे झाले. राहिला प्रश्न केव्हाचा. तो मी ज्या उदाहरणाने शिकवतो ते आपल्या घरोघरचे आहे.

अनुसूचित हा शब्द आपण रोज वापरतो. अनुसूची म्हणजे यादी, अनुसूचित म्हणजे यादीत घातलेली. १९३५ च्या भारत सरकार कायद्याने हा शब्द रूढ केला. संविधानाच्या अनुच्छेद ३४१ प्रमाणे राष्ट्रपतींनी ही यादी जाहीर करायची आणि त्यानंतर तीत भर घालण्याचा किंवा तीतून वगळण्याचा अधिकार फक्त संसदेला. त्यानुसार १९५० साली राष्ट्रपतींचा आदेश निघाला. त्यात जातींच्या यादीबरोबर एक अटही होती: हिंदू धर्माहून वेगळा धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची मानली जाणार नाही. पंजाबकडील काही शीख जातींचा तेवढा अपवाद होता. १९५६ मध्ये या अटीत शीख धर्माचा समावेश झाला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूरला धम्मदीक्षा झाली. बौद्ध हा शब्द त्या अटीत यायला १९९० साल उजाडावे लागले. चौतीस वर्षे. मधल्या काळात महाराष्ट्र राज्याने आपल्या पातळीवर नवबौद्धांना सवलती दिल्या, पण केंद्राच्या आदेशातील तो परिच्छेद तसाच होता.

वर्गात मी हे चार ओळींत लिहितो:

मान्य = ["हिंदू", "शीख"]
प्रिंट("बौद्ध" इन मान्य)
मान्य.ॲपेंड("बौद्ध")
प्रिंट("बौद्ध" इन मान्य)

"इन" म्हणजे यादीत आहे का, अशी विचारणा. पडद्यावर आधी "फॉल्स", म्हणजे नाही, असे उत्तर येते आणि मग "ट्रू", म्हणजे होय. दुसरी आणि चौथी ओळ अक्षरशः एकच आहे. प्रश्न तोच, बौद्ध हा शब्द तोच, उत्तर मात्र वेगळे. कारण मध्ये एक ओळ आली. आणि ती ओळ आली म्हणून वरचे उत्तर बदलत नाही. संगणक वरून खाली ओळीने चालतो. भर घातल्यानंतर जे विचारतील त्यांनाच भर लागू होते.

आमचे थोरले बंधू, त्यांना आम्ही दादा म्हणतो, दुसऱ्या ओळीवर उभे होते. ऐंशीच्या दशकात त्यांनी केंद्र सरकारच्या एका खात्यात नोकरीसाठी अर्ज केला. धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहिले. राखीव जागेसाठी अपात्र, असे उत्तर आले. रकान्यात दुसरा शब्द लिही, कागदावरचा शब्द कोण पाहतो, असे सांगणारे हितचिंतक होते. तसे लिहून नोकरीला लागलेलेही होते आणि त्यांना मी नावे ठेवत नाही, घरची परिस्थिती ज्याची त्याला ठाऊक. दादांनी तो शब्द लिहिला नाही. १९९० ची बातमी आली तेव्हा मी पदवीच्या वर्गात होतो. वडिलांनी वर्तमानपत्र दोनदा वाचून दाखवले. दादांची वयोमर्यादा तोवर उलटून गेली होती. त्यांनी बातमी ऐकली, चांगले झाले म्हणाले आणि दुकान उघडायला गेले.

हे सांगून झाल्यावर एका मुलाने विचारले, "सर, यादीत नाव घातल्यावर वरच्या ओळी पुन्हा चालवता येत नाहीत का?" येतात, मी म्हणालो. ॲपेंडची ओळ वर उचलून ठेवायची आणि प्रोग्राम पुन्हा सुरू करायचा. प्रोग्राममध्ये तेवढे जमते.

यादीत नाव असणे नेहमीच भाग्याचे असते, असेही समजू नये. कोल्हापूर संस्थानात महार, मांग, रामोशी, बेरड या जातींच्या माणसांना रोज हजेरी द्यावी लागे. तीही यादीच होती. शाहू महाराजांनी १९१८ साली ती हजेरी बंद केली. ब्रिटिश मुलखात १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातीच्या जमाती यादीत घालण्याची सोय केली आणि तो कायदा रद्द व्हायला १९५२ साल लागले. संगणकाला या दोन प्रकारच्या याद्यांतला फरक कळत नाही. ॲपेंड दोन्हीकडे सारखाच चालतो.

या स्मरणिकेच्या शेवटच्या पानांवर माजी विद्यार्थ्यांची जी यादी छापली आहे, ती नववीच्या मुलांनी अशाच प्रोग्रामने तयार केली आहे. दाखलखारीज रजिस्टरावरून नावे वाचणारा एक, टंकणारा दुसरा, तपासणारी तिसरी. प्रत्येक नाव त्यांनी एका लहान यादीच्या रूपाने घातले आहे: आधी शाळा सोडल्याचे वर्ष, मग नाव. त्यामुळे नावे कशीही घातली तरी शेवटी सॉर्ट ही एकच आज्ञा देऊन सगळी यादी वर्षाप्रमाणे लागते आणि कोणाचे नाव उशिरा आले म्हणून तळाशी राहत नाही. एकच नाव दोनदा जाऊ नये म्हणून घालण्याआधी ते यादीत आहे का, हे "इन"ने तपासले आहे. तरी एकाच व्यक्तीचे नाव ऱ्हस्व-दीर्घाच्या फरकाने दोनदा आलेले आढळेल. संगणकाच्या लेखी ती दोन माणसे आहेत. पहिल्या दिवशीचे सारे काम वीज गेल्याने वाया गेले, कारण यादी संगणकाच्या स्मृतीत होती, फाइलमध्ये उतरवलेली नव्हती. दुसऱ्या दिवसापासून मुले दर दहा नावांनंतर यादी फाइलमध्ये लिहू लागली. शिवाय एक प्रत वेगळी काढून ठेवली. ती "नवी = जुनी" असे लिहून काढली नाही, कारण त्याने एकाच यादीला दोन नावे मिळतात आणि एकीत केलेली भर दुसरीतही दिसते. त्यासाठी कॉपी ही वेगळी आज्ञा आहे.

सुरुवातीच्या काही वर्षांच्या रजिस्टराची पाने पावसाने भिजून पुसट झाली आहेत. त्या वर्षांची नावे अपुरी आहेत. यादीनंतरचे एक पान म्हणूनच रेघा मारून कोरे सोडले आहे. आपले किंवा आपल्या वर्गमित्राचे नाव राहिले असल्यास ते तेथे हाताने लिहावे आणि शाळेच्या कार्यालयात कळवावे. कळवताना शाळा सोडल्याचे वर्ष अवश्य द्यावे. नाव दाखल्यावर जसे आहे तसेच लिहावे.